देलाक्रवाच्या टँजियरमधला चौक जलरंगात कसा उतरवावा

फ्रेंच चित्रकार युजीन देलाक्रवा जानेवारी 1832 मध्ये काउंट शार्ल द मोर्ने याच्या शिष्टमंडळासोबत मोरोक्कोतल्या टँजियर बंदरात उतरला. मोरोक्कोच्या सुलतानाची भेट घेण्यासाठी हे मंडळ निघाले होते आणि देलाक्रवाकडे राजकारणातले कोणतेच काम नव्हते. जुलैमध्ये फ्रान्सला परतेपर्यंत त्याने वह्यांमागून वह्या भरल्या. त्या वह्यांत आणि सुट्या कागदांवर घोडे आहेत, पोशाख आहेत, तटबंदी आहे, तशीच घरांच्या आतल्या चौकांचीही चित्रे आहेत. जलरंग शिकणाऱ्याने इतर सगळे बाजूला ठेवून आधी या चौकांपाशी थांबावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिथे रंगवण्यासारखे फारसे काही नसते: चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, हिरव्या रंगाचे लाकडी दार, एखादी कमान, वर आकाशाचा तुकडा. तरीही चित्र उन्हाने भरून जाते, कारण त्यातली प्रत्येक सावली नेमकी असते. जलरंगात पांढरी भिंत रंगवता येत नाही, तिच्याभोवतीची सावली रंगवता येते, आणि ती साधली की न रंगवलेला कागदच भिंत होऊन उजळतो. अशा एका चित्राची अनुकृती करत ही सावली कशी शिकावी, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

चित्र निवडताना

देलाक्रवाच्या या प्रवासातल्या ज्या वह्या आज उरल्या आहेत, त्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आणि शांतिई इथल्या कोंदे संग्रहालयात आहेत. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर कागदावरच्या चित्रांची बारकाईने पाहता येतील अशी छायाचित्रे असतात. त्यांतून एकच चौक निवडावा, ज्यात माणसे कमी आणि भिंती जास्त आहेत असा. पडद्यावर चित्र मोठे करून पाहिले की काही गोष्टी लगेच ध्यानात येतात. पेन्सिलीची रेघ रंगाखाली लपवलेली नाही, ती उघडी आहे. रंग रेघेच्या आत-बाहेर मोकळेपणाने गेला आहे. काही पानांवर रंगच नाही, त्या जागी रंगाचे नाव फ्रेंचमध्ये लिहून ठेवले आहे, कारण प्रसंग डोळ्यांसमोरून सरकत होता आणि रंग नंतर भरता येणार होता. ही चित्रे विक्रीसाठी नव्हती, ती स्मरणासाठी होती, म्हणूनच त्यांतले निर्णय इतके स्पष्ट दिसतात.

याच काळातला दुसरा मार्गही माहीत असावा. इंग्रज चित्रकार जॉन फ्रेडरिक लुईस 1841 ते 1851 ही दहा वर्षे कैरोत राहिला आणि त्याने स्वतःच्या घराच्या चौकाचे जे जलरंगचित्र केले ते आता बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. लुईस पारदर्शक रंगावर पांढरा मिसळलेला अपारदर्शक रंग चढवतो, अगदी बारीक ब्रशने, ठिपक्या-ठिपक्याने, इतके की लाकडी जाळीचे नक्षीकाम सुटे दिसावे. या पद्धतीला अपार कष्ट पडत, आणि त्या मानाने मोबदला मिळत नाही म्हणून 1858 मध्ये त्याने जलरंग सोडून तैलरंगाची वाट धरली. लुईसचे काम थक्क करणारे आहे, पण शिकणाऱ्याने सुरुवात तिथून करू नये. अपारदर्शक पांढऱ्याचा आधार एकदा हाताशी आला की कागद राखण्याची शिस्त कधीच अंगी बाणत नाही.

चौक कोणाचा, कसा

ज्या घराचे चित्र काढायचे त्याची रचना समजली नाही, तर रेषा बरोबर येऊनही चित्र पोकळ राहते. उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या शहरांतले घर रस्त्याकडे पाठ करून उभे असते. बाहेरच्या भिंतीला खिडक्या जवळपास नसतात, दारातून आत गेल्यावर वाट एकदम वळते, म्हणजे रस्त्यावरून आतले काही दिसू नये, आणि मग वर उघडा असलेला चौक लागतो. खोल्यांची दारे याच चौकात उघडतात, त्यांना उजेड आणि वारा इथूनच मिळतो, वरच्या मजल्याला चारही बाजूंनी सज्जा असतो. अल्जिअर्समधल्या श्रीमंत घरांत इटलीहून आणलेले संगमरवरी खांब आणि हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या निळ्या-पांढऱ्या फरशाही भिंतींना लावलेल्या आढळतात. मोरोक्कोतल्या फेस आणि मेकनेस या शहरांतल्या घरांत भिंतीचा खालचा भाग रंगीत तुकड्यांच्या जडावकामाने, म्हणजे तिथल्या झेलिजने, मढवलेला असतो. टँजियरची साधी घरे याहून पुष्कळ निराडंबर होती आणि देलाक्रवाच्या चौकांत चुना आणि लाकूड हीच मुख्य सामग्री आहे.

हे चौक बहुतांशी कोणाचे होते, हेही विसरू नये. परक्या पुरुषाला मुसलमान कुटुंबाच्या घरात आतपर्यंत प्रवेश नव्हता. शिष्टमंडळाचा दुभाषा अब्राहम बेंशिमोल हा टँजियरमधला ज्यू गृहस्थ होता आणि त्याच्यामुळे ज्यू कुटुंबांची दारे देलाक्रवाला उघडी झाली. 21 फेब्रुवारी 1832 च्या त्याच्या नोंदीत एका ज्यू लग्नाचे वर्णन आहे. त्यावरूनच पुढे त्याने चौकात जमलेल्या पाहुण्यांचे आणि वादकांचे ते मोठे तैलचित्र केले, जे 1841 मध्ये पॅरिसच्या सालों प्रदर्शनात मांडले गेले आणि आज लूव्रमध्ये आहे. युरोपातल्या अनेकांनी ‘पूर्वेकडची’ घरे स्टुडिओत बसून, कल्पनेने आणि बऱ्याचदा लालसेने रंगवली. देलाक्रवाही त्या काळाचाच माणूस होता आणि त्याची नजर पाहुण्याचीच होती, पण टँजियरच्या चौकात तो खरोखर बसला होता. अनुकृती करणाऱ्याने निदान एवढे कळून घ्यावे की आपण कोण्या अद्भुत महालाचा देखावा काढत नाही, राहत्या घराचे अंगण काढत आहोत.

ऊन कुठवर येते

आपल्याकडच्या चित्रकाराकडून हमखास चूक होते ती इथे, आणि म्हणून यावर थोडे थांबले पाहिजे. पुण्याचा सूर्य उंच असतो. 21 फेब्रुवारीला दुपारी तो क्षितिजापासून सुमारे 61 अंशांवर असतो आणि मे महिन्यात तर थेट डोक्यावर येतो. टँजियर जवळजवळ 36 अक्षांशावर आहे, त्यामुळे त्याच 21 फेब्रुवारीला तिथला दुपारचा सूर्य साधारण 44 अंशांपर्यंतच चढतो. याचा हिशेब सोपा आहे. सहा मीटर उंच भिंतीची भर दुपारची सावली पुण्यात त्या दिवशी सव्वातीन मीटरच्या आसपास पडेल, टँजियरमध्ये ती सव्वासहा मीटरच्या आसपास पडेल. म्हणजे दोन मजली घराचा चौक सहा मीटर रुंद असेल, तर हिवाळ्याच्या शेवटी भर दुपारीही त्याच्या जमिनीवर ऊन टेकत नाही. ते फक्त उत्तरेच्या भिंतीवर, दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या बाजूवर पडते, आणि सकाळी किंवा दुपार कलल्यावर तर भिंतीच्या वरच्याच पट्ट्यावर राहते.

सगळ्या चित्राची मांडणी या एका गोष्टीने ठरते. वर झगझगीत उन्हाचा पट्टा, त्याखाली तिरकी कापलेली सावलीची कड, आणि खाली शांत, उजळ, निळसर छायेतला मोठा भाग. आपल्या उन्हाळ्याच्या सवयीने जमिनीवर ऊन आणि दारांच्या माथ्याखाली आखूड, काळ्या सावल्या रंगवल्या, तर कमानी कितीही डौलदार काढल्या तरी तो चौक टँजियरचा राहणार नाही.

दुसरी गोष्ट सावलीच्या रंगाची. चौकातली सावली कधीच अंधारी नसते, कारण तिच्यावर दोन वेगळ्या ठिकाणांहून उजेड येतो. वर उघडे आकाश असते आणि त्याचा निळा उजेड आडव्या पृष्ठभागांवर, म्हणजे फरशीवर, पायऱ्यांवर, सज्जाच्या कठड्याच्या माथ्यावर पडतो. समोर उन्हाने तापलेली पांढरी भिंत असते आणि तिच्यावरून परतलेला उबदार, पिवळसर उजेड तिच्याकडे तोंड केलेल्या छायेतल्या भिंतीवर आणि सज्जाच्या खालच्या अंगाला जातो. त्यामुळे एकाच सावलीत फरशी निळसर दिसते आणि तिला लागून असलेली भिंत किंचित गुलाबी किंवा मधाळ दिसते. देलाक्रवाने 7 सप्टेंबर 1856 च्या रोजनिशीत पॅरिसमधल्या कारंज्यावर चढलेल्या एका पोराच्या अंगावरचे हेच पाहून ठेवले आहे: प्रकाशात नारिंगी, सावलीकडे वळताना जांभळा आणि जमिनीकडे तोंड केलेल्या सावलीत सोनेरी परावर्तन. टँजियरमध्ये डोळ्याला लागलेली सवय चोवीस वर्षांनीही गेली नव्हती, असे मला ही नोंद वाचताना वाटते.

जवळपास जुना वाडा असेल तर कागद हाती घेण्याआधी एक सकाळ त्याच्या चौकात बसून घालवावी. अक्षांश वेगळा असला तरी परतलेल्या उजेडाचा नियम तोच आहे. छायेतल्या भिंतीसमोर पांढरा कागद आधी उभा आणि मग आडवा धरला, तर त्याच्यावरचा रंग बदलताना प्रत्यक्ष दिसतो.

कागद आणि रंग

कागद पूर्ण सुती, 300 जीएसएमचा आणि मध्यम पोताचा घ्यावा. गुळगुळीत कागदावर वॉशच्या, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या सपाट थराच्या, कडा कडक होतात आणि फार खरखरीत पोतावर छोट्या चित्रातली दारे-खिडक्या तुटक दिसतात. देलाक्रवाच्या वह्या हातात मावतील एवढ्या होत्या, तेव्हा अनुकृतीही तळहाताच्या दुपटीहून फार मोठी करू नये. कागद बोर्डावर चारही बाजूंनी मास्किंग टेपने पक्का चिकटवावा.

रंग सात पुरे आहेत: कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरिन, यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, विरिडियन आणि एक टिकाऊ गुलाबी. गुलाबीसाठी देलाक्रवाच्या काळी मंजिष्ठाच्या मुळांपासून केलेला मॅडर वापरत. आज क्विनाक्रिडोन रोज घ्यावा, अलिझरिन क्रिमसन घेऊ नये, कारण तो उजेडात उडतो. दारांच्या हिरव्यासाठी विरिडियन सोयीचा आहे, मात्र हा रंग 1859 नंतर बाजारात आला, म्हणजे 1832 च्या पेटीत तो असणे शक्य नव्हते. त्या काळचा झगझगीत एमराल्ड ग्रीन सोमलापासून केलेला आणि विषारी होता, तेव्हा या बाबतीत इतिहासाशी प्रामाणिक राहण्याचा हट्ट धरू नये. काळा रंग आणि पेन्स ग्रे पेटीतून काढून ठेवावेत. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त रंगांत भर घातलेली असते आणि दोन थर चढवताच ते मळकट होतात, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर रंगांची संख्या कमी करावी, दर्जा कमी करू नये. ब्रश दोनच: पाणी भरपूर धरणारा, टोकदार गोल आठ नंबर, आणि बारकाव्यासाठी तीन नंबर.

रेखाटन

पेन्सिल एचबी किंवा बी, हात हलका. आधी नेत्रपातळीची आडवी रेघ ठरवावी. देलाक्रवा बरेचदा बसून काढत असे, त्यामुळे ही रेघ खाली येते आणि वरचा सज्जा आपल्या डोक्यावर झुकल्यासारखा दिसतो. बाजूच्या भिंतींच्या सगळ्या आडव्या रेषा या नेत्रपातळीवरच्या एका बिंदूकडे धावतात. तो बिंदू मूळ चित्रात पट्टी लावून शोधावा. तो चित्राच्या अगदी मध्यावर नसेल तर तिथे हलवण्याचा मोह टाळावा, कारण किंचित एका बाजूला बसल्याने एक भिंत रुंद आणि दुसरी अरुंद दिसते आणि त्यातूनच चौकाला खोली येते.

नालाच्या आकाराची कमान काढताना बहुतेकांची फसगत होते. ही कमान अर्धवर्तुळापाशी थांबत नाही, खाली येताना पुन्हा आत वळते. यासाठी आधी अख्खे वर्तुळ फिके काढावे, त्याच्या मध्याच्या थोडे खाली दोन्ही बाजूंना कमानीचे पाय ठरवावेत आणि उरलेला तळ खोडावा. कमान बाजूच्या भिंतीत असेल तर वर्तुळाऐवजी अंडाकृती येईल. आधी चौकट यथार्थदर्शनात काढून तिच्या कर्णांवरून मध्य काढला, तर ती डळमळत नाही. टेकूच्या बाकीच्या रेघा पुसू नयेत, मूळ चित्रातही त्या तशाच राहिल्या आहेत. सावलीची तिरकी कडही आताच, पेन्सिलीनेच, निश्चित करावी. ती नंतर ब्रशने शोधत बसलो तर कागद हातचा गेला असे समजावे.

रंग चढवणे

पहिला वॉश उन्हाचा. भरपूर पाण्यात यलो ऑकरचा इतका थोडा अंश मिसळावा की कागदावर तो जेमतेम जाणवेल, आणि तो सगळ्या कागदावर फिरवावा, फक्त उन्हातल्या भिंतीचा सगळ्यात उजळ पट्टा सोडून. तो पट्टा शेवटपर्यंत कोरा कागदच राहील. हा थर पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यात यासाठी अर्धा तासही कमी पडतो आणि घाई केली की पुढची सावली खालचा रंग उचलून चिखल करते.

दुसरा वॉश म्हणजे सावली, आणि चित्राचे भवितव्य इथे ठरते. बशीत तीन ठिकाणी रंग भिजवून ठेवावा: कोबाल्टमध्ये थोडा गुलाबी मिसळून निळसर जांभळा, त्याच मिश्रणात रॉ सिएना घालून उबदार राखी, आणि नुसता पातळ ऑकर. ब्रश भरून वरच्या कडेपासून सुरुवात करावी. उन्हाला लागून असलेली सावलीची कड सगळ्यात गडद आणि सगळ्यात थंड ठेवावी. भौतिकदृष्ट्या तिथे फारसा फरक नसला तरी डोळ्याला उन्हाशेजारची सावली जास्त गडद दिसते, आणि डोळ्याला दिसते तेच रंगवायचे आहे. तिथून खाली येताना, रंग ओला असतानाच, भिंतीवर उबदार राखी सोडत जावे. सज्जाच्या खालच्या अंगाला ऑकर सोडावा आणि तो आपोआप मिसळू द्यावा, ब्रशने घोळू नये. फरशीवर पोचल्यावर पुन्हा निळ्याकडे वळावे. हा सगळा प्रवास एका दमात, बोर्ड किंचित तिरका धरून, खालच्या कडेशी साठणारा रंगाचा थेंब सतत खाली ओढत करायचा असतो. दारे, खिडक्या, कमानीची पोकळी यांच्यापाशी थांबू नये. सावली त्यांच्यावरूनही जाऊ द्यावी, कारण तीही त्याच उजेडात उभी आहेत. भिंत, दार आणि फरशी या एका वॉशने एकत्र बांधली जातात. वेगवेगळ्या रंगवून मग जोडल्या, तर त्या कधीच एका हवेत उभ्या राहत नाहीत.

वाळल्यावर सावली पुष्कळ फिकी होते. हे गृहीत धरून ओली असताना ती थोडी धीटच वाटली पाहिजे. तरीही फिकी पडली तर अख्ख्या सावलीवर दुसरा थर द्यावा, तुकड्याने दुरुस्ती करू नये.

यानंतरचे काम कमी आहे. दाराच्या लाकडाला विरिडियनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून हिरवा द्यावा, उन्हातल्या भागाला पाण्याचे प्रमाण जास्त, सावलीतल्या भागाला अल्ट्रामरिनचा अंश. उघड्या दाराच्या आतला अंधार हा या चित्रातला एकमेव खरा गडद भाग. तो अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएनाच्या दाट मिश्रणाने, तेही वरच्या बाजूला गडद आणि उंबऱ्याशी हलका असा भरावा, कारण उंबऱ्याशी चौकातला उजेड आत शिरतो. जमिनीवरच्या फरशांच्या रेषा अर्ध्याच काढाव्यात. जडावकाम असेल तर त्यातला एकेक तुकडा मोजत बसण्यापेक्षा कोरड्या ब्रशने तीन-चार रंगांचे ठिपके उमटवावेत. आकाशाचा तुकडा शेवटी, आणि तो वाटतो त्याहून फिका. भिंत आकाशापेक्षा उजळ दिसली तरच ती उन्हात आहे असे वाटते.

माणसे असतील तर त्यांना एका रंगात, एका फटकाऱ्यात बसवावे. पांढऱ्या हाइकमधली, म्हणजे अंगभर गुंडाळायच्या तिथल्या वस्त्रातली, बाई छायेत बसली असेल तर तिचा पांढरा आता निळसर राखी आहे, उन्हातल्या भिंतीपेक्षा गडद. हा फरक धरला की चेहरा काढण्याची गरज उरत नाही.

चित्र झाल्यावर

मूळ चित्रे जवळजवळ दोनशे वर्षांची आहेत. त्यांचा कागद पिवळसर झाला आहे, काही ठिकाणी निळे आणि गुलाबी रंग उडालेही असतील. तो जुनेपणा आणण्यासाठी कागद चहाच्या पाण्यात बुडवणे मला अजिबात मान्य नाही. चित्रकाराने ऊन रंगवले होते, पिवळा कागद काळाने दिला. जलरंग उजेडाने उडतात हे इंग्लंडमध्ये विल्यम रसेल आणि विल्यम अॅबनी यांनी 1888 मध्ये प्रयोग करून सविस्तर दाखवून दिले, आणि आज संग्रहालये कागदावरची चित्रे साधारण 50 लक्सच्या मंद उजेडातच मांडतात. घरी एवढी काटेकोर व्यवस्था होत नाही, पण खिडकीसमोरची भिंत टाळता येते. फ्रेम करताना काच चित्राला टेकू नये म्हणून मधे आम्लरहित माउंट घालून घ्यावा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बुरशीचे ठिपके याच फटीतल्या दमटपणाने येतात, तेव्हा मागची बाजू पावसाळा संपल्यावर एकदा उघडून पाहावी. फ्रेम करायची नसेल तर आम्लरहित कागदात गुंडाळून, आडवे, कपाटाच्या वरच्या खणात ठेवावे.

अनुकृतीच्या मागे पेन्सिलीने स्पष्ट लिहावे: देलाक्रवाच्या चित्रावरून, मूळ कोणत्या संग्रहालयात आहे ते, आपले नाव आणि तारीख. आकार मुळाइतकाच ठेवू नये, थोडा तरी बदलावा. दुसरे चित्र करायला घेताना तोच चौक घ्यावा आणि ऊन तासाभराने पुढे सरकले आहे असे समजून सावलीची कड नव्याने आखावी. मूळ चित्र आता उपयोगाला येणार नाही, सूर्य कुठे आहे याचा हिशेब स्वतःच करावा लागेल.